आजीचा वाढलेला वाटा: एका सामाईक कलमबागेच्या हिश्श्यांचा हिशेब

देवगड तालुक्यातील खाडीकाठच्या एका गावात एका कुटुंबाची १ हेक्टर २० आर क्षेत्राची हापूसची कलमबाग आहे. आजोबांनी ती स्वतःच्या कमाईतून खरेदी केली होती आणि मृत्युपत्र न करताच ते वारले. पुढे अनेक वर्षे बाग सामाईकच राहिली. दर मोसमाला ती व्यापाऱ्याला कराराने द्यायची आणि आलेली रक्कम चार घरांत सारखी वाटायची, असा रिवाज पडला. थोरल्या भावाचे घर, मधले भाऊ, धाकटे भाऊ आणि लग्न होऊन मालवणला गेलेली बहीण अशी ही चार घरे. प्रत्येकाचे चार आणे मिळून रुपया, हे सर्वांच्या तोंडी बसले होते आणि त्यावर कधी वाद झाला नाही.

प्रश्न उभा राहिला तो वाटपाच्या वेळी. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ८५ प्रमाणे वाटप करून प्रत्येकाचा सातबारा स्वतंत्र करायचे ठरले, तेव्हा जुने फेरफार चाळणाऱ्या वकिलांनी हे चार आणे कोणत्या आधारावर धरले आहेत, असे विचारले. त्यावर घराघरांतून वेगवेगळे कागद तयार झाले आणि ते तपासण्यासाठी माझ्याकडे आले, कारण मी गणित शिकवतो आणि त्या घराच्या परिचयाचा आहे. कुटुंबाची ओळख पटेल असा तपशील येथे दिलेला नाही. हिशेब मात्र पायरीपायरीने मांडला आहे, कारण शाळेत शिकवलेल्या अपूर्णांकांच्या बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार या चारही क्रिया या एका प्रकरणात लागल्या, आणि जेथे जेथे मोठी चूक झाली तेथे तिचे मूळ बहुतेक एकच होते: हातातला अपूर्णांक नेमका कशाचा आहे, हे आधी ठरवलेले नव्हते.

तीन मृत्यू आणि त्यांचा क्रम

आजोबा १९८४ मध्ये वारले. मागे आजी, तीन मुलगे आणि एक मुलगी असे पाच वारस होते. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत त्याची पत्नी, आई, मुलगे आणि मुली यांना प्रत्येकी सारखा वाटा मिळतो. आजोबांची आई हयात नव्हती, म्हणून पाचही जणांचा हिस्सा १/५ झाला.

थोरले भाऊ १९९१ मध्ये वारले. मागे पत्नी, एक मुलगा आणि एक मुलगी राहिली (भावंडांच्या नात्याने पुढे त्यांना वहिनी, पुतण्या आणि पुतणी म्हटले आहे), आणि आजी तेव्हा हयात होती. मृताची आई ही वारस असते, ही गोष्ट येथे निर्णायक ठरते. थोरल्या भावांच्या हिश्श्याला म्हणून तीन वारस नव्हते, चार होते.

आजी २००३ मध्ये वारली. स्त्रीच्या मिळकतीत तिच्या मुलामुलींना सारखे वाटे मिळतात आणि तिच्या आधी वारलेल्या मुलाचा वाटा त्याची मुले आपसांत वाटून घेतात. सुनेला त्यात वाटा नसतो. त्यामुळे आजीच्या हिश्श्याचे चार भाग होतात आणि थोरल्या घराचा भाग फक्त पुतण्या आणि पुतणी यांच्याकडे जातो, वहिनींकडे जात नाही.

कुटुंबाच्या लक्षात हे का आले नाही, याचे उत्तर सातबाऱ्यावरच होते. थोरले भाऊ वारल्यावर त्यांचे नाव कमी होऊन वहिनी आणि दोन मुले यांची नावे चढली. आजीचे नाव पुन्हा चढवण्याचे कारण कोणाला दिसले नाही, कारण ते १९८४ पासून तेथे होतेच. पुढे आजी गेल्यावर तिच्या नावाला कंस झाला, म्हणजे ते कमी झाले, आणि सहा नावे उरली. एका नावामागे आता दोन वाटे आहेत, हे त्या पानावर वाचून कळण्यासारखे नव्हते.

वाट्याचा वाटा

पुतण्याने केलेल्या कागदावर १९९१ च्या टप्प्यात आजीच्या १/५ मध्ये सरळ १/४ मिळवलेला होता. चार वारस, म्हणून चौथा हिस्सा, असे त्याने धरले. बेरीज त्याने नीट केली होती: १/५ म्हणजे ४/२०, १/४ म्हणजे ५/२०, एकूण ९/२०. पण याचा अर्थ असा होतो की थोरल्या मुलाच्या मृत्यूने आजी जवळजवळ अर्ध्या बागेची मालकीण झाली. थोरल्या भावांचा सगळा हिस्साच मुळी १/५ होता. त्याचा एक तुकडा १/४, म्हणजे मूळ हिश्श्याहूनही मोठा, असणे शक्य नाही.

त्या १/४ च्या मागे 'थोरल्या भावांच्या हिश्श्याचा' हे शब्द होते आणि ते कागदावर उतरले नाहीत. वाट्याचा वाटा काढायचा तेव्हा गुणाकार करावा लागतो. मी पुतण्याला चौकटीच्या वहीच्या पानावर एक आयत आखायला सांगितला. उभ्या रेषांनी त्याचे पाच सारखे पट्टे केले. एक पट्टा थोरल्या भावांचा. मग आडव्या रेषांनी संपूर्ण आयताचे चार सारखे भाग केले. आता पानावर वीस घरे झाली आणि थोरल्या भावांच्या पट्ट्यातली चार. त्यातले एक घर आजीचे, म्हणजे संपूर्ण बागेचा १/२०. अंशाला अंशाने आणि छेदाला छेदाने गुणायचे, हा नियम आपण पाठ करतो. छेदांचा गुणाकार का करायचा, ते त्या वीस घरांकडे पाहिले की समजते. आडव्या रेषा फक्त एकाच पट्ट्यात ओढल्या असत्या, तर आठ तुकडे झाले असते, पण ते सारखे नसते, आणि सारखे नसलेले तुकडे मोजून अपूर्णांक लिहिता येत नाही.

आजीचा हिस्सा मग १/५ अधिक १/२० असा झाला. छेद सारखा केला की ४/२० आणि १/२०, मिळून ५/२०, आणि संक्षिप्त रूप १/४. योगायोगाने हेच चार आणे. 'प्रत्येकाचे चार आणे' या घरातल्या समजुतीशी हा आकडा जुळल्यामुळे मधल्या भावांना क्षणभर आपला हिशेब सिद्ध झाल्यासारखे वाटले. पण हे चार आणे एकट्या आजीचे होते. त्या क्षणी इतर तिघा भावंडांकडे प्रत्येकी १/५ होते आणि वहिनी व दोन मुलांकडे प्रत्येकी १/२०. बेरीज करून पाहावी: ५/२०, तीन वेळा ४/२०, तीन वेळा १/२०, एकूण २०/२०.

बेरीज

आजीच्या १/४ चे चार भाग, म्हणजे १/४ गुणिले १/४, बरोबर १/१६. मधले भाऊ, धाकटे भाऊ आणि बहीण यांचा प्रत्येकाचा हिस्सा १/५ अधिक १/१६ एवढा झाला. पुतण्याच्या कागदावर याचे उत्तर २/२१ होते. अंशात अंश मिळवले, छेदात छेद मिळवले. ही चूक वर्गात इतकी सर्रास दिसते की तिच्यावर मुलांना रागावण्यात अर्थ नाही. गुणाकारात अंशाला अंश आणि छेदाला छेद चालतात, मग बेरजेत का नाहीत, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर नियम पुन्हा सांगून मिळत नाही. ज्याच्याकडे १/५ आहे त्याला आणखी काही मिळाले आणि त्याच्याकडे २/२१ झाले. पण २/२१ म्हणजे एक दशांशाहूनही कमी. वाटा मिळाल्यावर तो निम्म्याहून कमी झाला, हे कोणत्याही हिस्सेदाराला पटणार नाही, आणि पुतण्यालाही एवढे म्हटल्यावर लगेच पटले. उत्तराचा अंदाज आधी बांधण्याची सवय मला नियमापेक्षा अधिक मोलाची वाटते.

पाचवा भाग आणि सोळावा भाग हे वेगवेगळ्या मापाचे तुकडे आहेत. ते मोजण्यापूर्वी दोघांनाही एकाच मापात आणावे लागते. ५ आणि १६ यांना १ शिवाय सामाईक विभाजक नाही, म्हणून लसावि ८०. १/५ म्हणजे १६/८०, १/१६ म्हणजे ५/८०, आणि बेरीज २१/८०.

पुतण्या आणि पुतणी यांना आजीकडून १/१६ चा अर्धा, म्हणजे १/३२, मिळाला. वडिलांकडून प्रत्येकाला १/२० आलेलाच होता. येथे २० म्हणजे २×२×५ आणि ३२ म्हणजे पाच वेळा २ चा गुणाकार, लसावि १६०. नुसते छेद गुणून ६४० धरले असते तरी उत्तर चुकले नसते, फक्त ५२/६४० आल्यावर ते चारने संक्षिप्त करत बसावे लागले असते. १/२० म्हणजे ८/१६०, १/३२ म्हणजे ५/१६०, एकूण १३/१६०. वहिनींचा हिस्सा १/२०, म्हणजे ८/१६०, एवढाच राहिला.

सगळ्यांचे हिस्से एकाच छेदात मांडले तर बागेचे १६० भाग धरून तिघा भावंडांचे प्रत्येकी ४२, वहिनींचे ८, पुतण्याचे १३ आणि पुतणीचे १३. बेरीज १२६ अधिक ८ अधिक २६, बरोबर १६०.

वाट्याचा वाटा काढून तो मूळ वाट्यात मिळवण्याची ही रीत वारसांच्या हिशेबात वारंवार लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९७८ च्या गुरुपाद मगदूम विरुद्ध हिराबाई मगदूम या निकालात मिळकत एकत्र कुटुंबाची असल्याने कायद्याचा मुद्दा वेगळा होता, पण गणित याच जातीचे होते: विधवेचा स्वतःचा १/४, त्यात पतीच्या १/४ चा सहावा भाग म्हणून १/२४, मिळून ७/२४.

"ता गेला खंय?"

थोरल्या घराचे एकूण ३४ भाग झाले. रिवाजाप्रमाणे त्यांचे ४० होते. वहिनींनी त्यावर वाद घातला नाही. त्या एवढेच म्हणाल्या, "कमी झाला तर झाला, पण ता गेला खंय, ता माका कळूक होया." या प्रश्नाला गणिताने उत्तर देणे भाग होते, कारण बेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर, एवढ्यावर कोणाचे समाधान व्हायला नको. चार घरांना चार-चार आणे या जुन्या वाटणीचीही बेरीज १ च येते. बेरीज १ न येणे ही चुकीची खूण आहे. बेरीज १ येणे ही बरोबर असल्याची हमी नाही.

थोरल्या घराचा मूळ हिस्सा १/५. त्यातला १/२० आजीकडे गेला. आजीच्या हिश्श्याचे पुढे चार भाग झाले, तेव्हा त्या १/२० चेही चार भाग झाले असे धरावे: प्रत्येकी १/८०. त्यातला एक थोरल्या घरात परत आला आणि तीन भाग तीन भावंडांकडे गेले. म्हणजे थोरल्या घरातून कायमचे गेले ते १/२० वजा १/८०. ४/८० वजा १/८०, बरोबर ३/८०, आणि १६० च्या मापात ६ भाग. चाळीसातून हे सहा गेले की चौतीस उरतात. वजाबाकीतही छेद सारखा करण्याची तीच रीत आहे.

आजी आधी वारली असती आणि थोरले भाऊ नंतर, तर चित्र वेगळे झाले असते. आजीच्या १/५ चे चार भाग होऊन प्रत्येक भावंडाला १/५ अधिक १/२०, म्हणजे १/४ मिळाला असता, आणि थोरल्या भावांचा तो १/४ पुढे वहिनी आणि दोन मुलांत १/१२ प्रमाणे वाटला गेला असता. घरात चालत आलेला हिशेब याच क्रमाचा होता. त्यातले गणित चोख होते; घटनांचा क्रम तेवढा प्रत्यक्षाशी जुळत नव्हता.

आणे-पै आणि मोबाईल

गावात हिस्सा अजूनही आणे-पैत बोलतात, म्हणून मधल्या भावांनी नवे हिस्से त्या मापात उतरवले. रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै, म्हणजे १९२ पै. २१/८० गुणिले १९२ म्हणजे ५० पै आणि वर २/५ पै. वहिनींच्या ९ पै आणि ३/५, मुलांच्या प्रत्येकी १५ पै आणि ३/५. मधल्या भावांनी अर्ध्याखालचे सोडले आणि अर्ध्यावरचे धरले. आकडे झाले ५०, ५०, ५०, १०, १६, १६. बेरीज १९२. कागद निर्दोष दिसत होता. प्रत्यक्षात तिघा भावंडांची प्रत्येकी २/५ पै गेली होती आणि वहिनी व मुलांना प्रत्येकी तेवढीच जास्त मिळाली होती. २/५ पै म्हणजे संपूर्ण बागेचा १/४८०. १२० आर म्हणजे १२,००० चौरस मीटर, त्याचा ४८० वा भाग २५ चौरस मीटर. १९२ मध्ये २ आणि ३ हेच मूळ अवयव आहेत. पाव, अर्धा, पाऊण, तिसरा, सहावा हे सगळे हिस्से त्या मापात अचूक बसतात, पण ५ हा अवयव त्यात नसल्याने पाच वारस झाले की आणे-पै अपुरी पडते.

धाकट्या भावांनी मोबाईलवर दशांश काढले आणि दोन स्थळांपर्यंत ठेवले: ०.२६ तीन वेळा, ०.०५, आणि ०.०८ दोन वेळा. बेरीज ०.९९. राहिलेला शंभरावा भाग १२० चौरस मीटरचा आहे. गुंठा सुमारे १०१ चौरस मीटरचा आणि हापूसची कलमे १० मीटर अंतराने लावण्याची शिफारस असते, हे लक्षात घेतले तर एका कलमाहून अधिक जागा या मांडणीत कोणाच्याच नावावर उरली नव्हती. २१/८० चे पूर्ण दशांश रूप ०.२६२५ आणि १३/१६० चे ०.०८१२५, ती पूर्ण लिहिली तर काहीच हरवत नाही. हिश्श्याच्या कागदावर अपूर्णांकच लिहावा आणि चौरस मीटर शेवटच्या पायरीला काढावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

परत द्यायचे किती

हिशेब मान्य झाल्यावर बहिणीने सांगितले की इतकी वर्षे थोरल्या घराला चार आणे मिळत आले आहेत, ते तसेच राहावेत, आणि कमी पडणारे तिघा भावंडांनी मिळून वहिनींच्या नावे सोडावेत. दोघे भाऊ तयार झाले. तिघांचे प्रत्येकी ४२ भाग, चार आण्यांचे ४०. प्रत्येकाने २ भाग, म्हणजे २/१६० किंवा १/८०, सोडायचे.

हक्कसोडपत्राच्या कच्च्या मसुद्यात वाक्य होते: 'लिहून देणार आपल्या हिश्श्यापैकी १/८० हिस्सा सोडत आहे.' हे वाक्य तसेच नोंदले गेले असते तर सगळा खटाटोप वाया गेला असता. भावंडाचा हिस्सा २१/८०, त्याचा १/८० म्हणजे २१/६४००, क्षेत्रात सुमारे ३९ चौरस मीटर. द्यायचा होता तो संपूर्ण बागेचा १/८०, म्हणजे १५० चौरस मीटर. अपूर्णांक अगदी बरोबर लिहिलेला होता. तो कशाचा, हे चुकले होते.

मग स्वतःच्या हिश्श्याचा कितवा भाग सोडायचा, हे काढण्यासाठी भागाकार लागला: १/८० भागिले २१/८०. भाजकाचा व्यस्त घेऊन गुणायचे, म्हणून १/८० गुणिले ८०/२१, उत्तर १/२१. धाकट्या भावांना ही उलटापालट पटेना. त्यांना असे विचारले की तुमच्या हिश्श्यात ऐंशीव्या भागाचे किती तुकडे आहेत? एकवीस. त्यातला एक द्यायचा, तर आपल्या हिश्श्याचा एकविसावा भाग दिला. छेद सारखे असले की अपूर्णांकांचा भागाकार हा अंशांचा भागाकार होतो, आणि व्यस्ताचा नियम तेच काम छेद सारखे नसतानाही करतो. मसुद्यात शेवटी दोन्ही गोष्टी लिहिल्या गेल्या: संपूर्ण मिळकतीपैकी १/८०, म्हणजेच लिहून देणाऱ्याच्या २१/८० हिश्श्यापैकी १/२१.

हक्कसोडपत्र नोंदवल्यानंतरचे हिस्से असे: तिघा भावंडांचा प्रत्येकी १/४, वहिनींचा ८ अधिक ६ म्हणजे १४/१६० किंवा ७/८०, पुतण्या आणि पुतणी यांचा प्रत्येकी १३/१६०. क्षेत्रात भावंडांना प्रत्येकी ३० आर, वहिनींना १० आर ५० चौरस मीटर, मुलांना प्रत्येकी ९ आर ७५ चौरस मीटर. एकूण १२० आर. जमिनीवर रेषा आखताना कातळाचा भाग, पाणंद आणि कलमांचे वय यांचा विचार वेगळा करावा लागतो, तो मोजणीचा विषय आहे.

घराघरांतली जुनी वाटणी चार आण्यांचीच राहिल्यामुळे मागचे हिशेब उघडावे लागले नाहीत. थोरल्या घरातली वाटणी मात्र बदलली. बागेचे २,४०,००० रुपये आले तर त्या घराचे ६०,००० होतात, आणि पूर्वी ते वहिनी व दोन मुले यांच्यात २०,००० प्रमाणे वाटले जात. आता एका भागाचे १,५०० रुपये धरून वहिनींच्या १४ भागांचे २१,००० आणि मुलांच्या १३ भागांचे प्रत्येकी १९,५०० होतात. पुतण्याने हा शेवटचा हिशेब स्वतः मांडला आणि बेरीज करण्याआधी डाव्या बाजूला 'संपूर्ण बागेचा' असे शब्द लिहून घेतले.